पाळण्यापासून गोठ्यापर्यंत

शहापूरला आमच्या घरी मला बघायला आले, तेव्हा मुलाच्या मामानं तीन गोष्टी आधीच सांगून टाकल्या. मुलगा मुरबाडच्या एमआयडीसीत परमनंट आहे. घर वैशाखऱ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून दोन शेतं आत आहे. आणि मुलाच्या आईशी जरा मोठ्यानं बोलावं लागतं. माझ्या आईला तिसरी गोष्ट फार आवडली. मला आत बोलावून ती म्हणाली, "देव पावला बघ. तुझ्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असतो, तो निदान सासूला तरी नाय ऐकू जायचा."

लग्न झालं. सासूबाईंचं नाव जिवली. ठेंगणी, चपळ बाई. पहाटे गोठा झाडून होतो, दुपारी परसातल्या वालाला पाणी जातं, आणि एवढ्यात कुणी हाक मारली तर त्यांना ती ऐकू येत नाही. घरातल्यांनी त्याची सवय करून घेतली होती. एकदा विचारायचं, उत्तर आलं नाही तर आपलं आपण उठायचं. सासरे, धाऊबाबा, पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेत. जीवन, म्हणजे माझा नवरा, आपला डबा स्वतः घासायचा. मला वाटलं, किती समजूतदार घर मिळालं.

मग अपेक्षा झाली. आमची अपू. आता ती आठ महिन्यांची आहे, आणि तिला ठाऊक असलेल्या जगाच्या मध्यभागी मी आहे. मी उठून मोरीपर्यंत गेले तरी ते जग कोसळतं.

बाळंतपणाआधी मी मुंबईला एका संस्थेत संजीवनी मॅडमच्या हाताखाली काम करायचे. दिवाळीत त्यांचा फोन आला. "स्नेहल, फेब्रुवारीपासून जागा आहे. आठवड्यातनं दोन दिवस लॅबला यायचं, बाकीचं घरून. पण मला एक दाखवायला हवं. आपलं यंत्र लॅबच्या टेबलावर चालतं, ते खऱ्या घरात चालतं का? जानेवारीत मी स्वतः बघायला येईन. येशील ना?"

मी "येईन" म्हटलं. मग फोन ठेवून अपूकडे बघितलं. ती माझ्या ओढणीचं टोक चोखत होती.

दोन दिवस. सकाळी सहाच्या एसटीनं मुरबाड, तिथून कल्याण, तिथून पुढं. परत यायला संध्याकाळचे सात. तेरा तास अपूला कोण बघणार? माझी आई अंगणवाडीत आहे, तिच्याकडे आधीच सव्वीस पोरं. जीवनची शिफ्ट. राहिल्या सासूबाई. मी त्यांच्यापाशी बसून, नीट मोठ्यानं, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं, म्हणजे माझ्या ओठांकडे बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "मी कुठं नाय म्हणत्ये गो? माझी नात हाय ती. पण मी दिवसभर गोठ्यात, परसात. पोर आत उठलं, रडलं, तर मला ऐकूच नाय यायचं. काय झालं-गेलं तर तुमी मलाच बोलाल ना?"

मी रात्री हे सगळं जीवनला सांगितलं.

जीवननं बाजारातून बाळाचा आवाज ऐकवणारं तयार यंत्र आणून बघितलं. सासूबाईंनी ते दोन दिवस कमरेला खोचलं आणि तिसऱ्या दिवशी ते म्हशीच्या आंबोणाच्या घमेल्यात पडलं. "खरखर करतं ते. आणि शेजारी गिरणी सुरू झाली की नुसती गिरणीच वाजते त्याच्यात," असं त्यांनी सांगितलं. कान तपासायला मुरबाडला नेऊ म्हटलं, तर म्हणाल्या, "कानात काय बघायचं? कान कानाच्या जागी हाय."

तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर माझंच काम आहे.

माझं काम काय, हे मी घरात अनेकदा सांगितलं होतं आणि दर वेळी धाऊबाबांनी "म्हंजे स्पीकर ना?" असं विचारलं होतं. स्पीकर नाही. आवाजाचा स्वभाव असा, की तो जसा जातो तसाच परत येतो. मला तुमचं ऐकू येत असेल, तर तुम्हालाही माझं ऐकू जाणार. वाटेत भिंत आली, कोपरा आला, की तो आपटतो, फुटतो, अर्धा मागे फिरतो. आता समजा आवाजाच्या वाटेवर पोकळ कड्या मांडल्या, एकीला एक जोडून, मधमाशीच्या पोळ्यासारख्या, आणि प्रत्येक कडीत इवल्या पंख्यानं हवा गोल फिरत ठेवली. सगळ्या कड्यांत एकाच बाजूनं. मग गंमत होते. जीवनला मी ती म्हसा गावच्या जत्रेवरून समजावली. जत्रेत ऐन गर्दीच्या मध्ये सापडलेला माणूस तिथल्या तिथे गिरक्या खात राहतो, त्याला कुठंच जाता येत नाही. पण जो गर्दीच्या कडेला लागला, त्याला लोक पुढं पुढंच ढकलत नेतात. त्याला थांबता येत नाही, मागे तर वळताच येत नाही. वाटेत बांगड्यांचं दुकान आलं, बैल आडवा बसला, तरी गर्दी वळसा घालते आणि तो पुढंच जातो. कड्यांच्या चटईत आवाजाचं तेच होतं. मधल्या कड्या त्याला आत शिरू देत नाहीत, तो कडेकडेनं एकाच दिशेला पळतो. कोपऱ्यावर फुटत नाही, आल्या वाटेनं परतत नाही. एखाददुसरी कडी बिघडली तरी वाट मोडत नाही, कारण ती वाट कुठल्या एका कडीत नसतेच, सगळ्यांच्या फिरण्यात मिळून असते. यालाच टोपॉलॉजी म्हणतात. आणि पंखे उलटे फिरवले, तर तोच आवाज त्याच कडेनं उलट्या दिशेला जातो.

"म्हणजे," जीवन म्हणाला, "अपूचा आवाज आईकडे जाणार, आणि आईच्या गोठ्याचा, गिरणीचा आवाज अपूकडे नाय येणार?"

"बरोबर."

"हे आपल्या दोघांमध्ये नाय का बसवता येत?"

मी त्याला पाइप कापायला बसवलं.

अपू दिवसातून तीनदा झोपते. सकाळी चाळीस मिनिटं, दुपारी सव्वा तास, संध्याकाळी तिच्या मर्जीप्रमाणे. तेवढ्यात मी कड्या जोडायचे. प्लास्टिकचे पाइप, खेळण्यातल्या मोटारी, जुन्या मोटारसायकलची बॅटरी. पाळण्याच्या डोक्याशी एक नरसाळं, तिथून भिंतीलगत कड्यांचा पट्टा, कणगीला वळसा, दारातून बाहेर, पडवीचा कोपरा, परसाची भिंत, आणि शेवटचं नरसाळं गोठ्याच्या खांबाला, सासूबाई जिथे शेंगा सोलायला बसतात तिथं, बरोब्बर त्यांच्या कानाच्या उंचीवर. पट्ट्याच्या खालच्या कडेनं आवाज परत यायची वाट असते, तिची तोंडं मी कापूस कोंबून बंद केली. चाचणीला अपूच होती. ती उठून कुरकुरली, की मी धावत गोठ्यात जायचे.

"आई, आला आवाज?"

"काय?"

"अपूचा! आवाज! आला?"

सासूबाई नरसाळ्याकडे बघायच्या, मान तिरकी करायच्या, अगदी प्रामाणिकपणे डोळे मिटायच्या. "नाय गो. कायतरी फूं फूं करतंय."

मी परत जाऊन फटी मेणानं बुजवल्या. नाय. कड्यांच्या तीन रांगा होत्या, त्या पाच केल्या. नाय. मोटारींची घरघर कमी व्हावी म्हणून प्रत्येकीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. "आता जरा वाटतं कायतरी. पण नाय." प्रत्येक "नाय"पाठी माझी एक झोप, म्हणजे अपूची एक झोप, खर्ची पडायची. पण खरं सांगते, त्या नकारांनीच माझं काम सुधारलं. लॅबमध्ये आम्ही जेवढं गाठलं होतं त्याच्या किती तरी पुढं मी एका गोठ्यात पोचले. माझ्या मीटरवर आकडे असे यायचे, की मी मॅडमना ते पाठवायला लाजायचे. त्यांना वाटेल, पोरीनं ढापले. मला कानाशी नरसाळं लावलं की अपूचा श्वासदेखील यायचा. सासूबाईंना मात्र नाही. मला त्यांची इतकी कीव यायची. मी जीवनला म्हटलं, "आईंना आपण समजतो त्याहून खूपच कमी ऐकू येतं रे."

जानेवारीत, म्हशाची जत्रा उलगल्यावरच्या रविवारी, संजीवनी मॅडम आल्या. पन्नाशीच्या, पांढरे केस कापलेले, पायात बूट. खांद्याच्या पिशवीत दोन मायक्रोफोन आणि अपूसाठी खुळखुळा. सासूबाईंनी आदल्या दिवसापासून वाल भिजवले होते आणि शेजारच्या सकुबाईला मदतीला बोलावलं होतं. जीवन कामावर. धाऊबाबा पाहुण्यांना रामराम करून लगेच शेताकडे निघून गेले; जाताना माझ्याकडे बघून गालात हसले. ते हसणं मला जरा वेगळं वाटलं, पण अपू कडेवर होती आणि विचार करायला वेळ नव्हता.

मॅडमनी पट्ट्याच्या कडेनं सावकाश चालत सगळं बघितलं. कणगीपाशी थांबल्या, वळसा बघितला. मग पाळण्याशेजारी पाट घेऊन बसल्या.

"आधी उलटी बाजू तपासू," त्या म्हणाल्या. "इकडचं तिकडे जातं, हे कुणीही दाखवेल. नळीतूनही जातं. तिकडचं इकडे येत नाही, हे मला बघायचंय. गोठ्यात आत्ता कुणी आहे?"

"आई आणि सकुबाई. शेंगा सोलतायत."

"बोलतायत?"

"सकुबाई आहे म्हणजे बोलणं असणारच."

"मग छान. त्यांना काही सांगू नकोस. इथं आपल्याला शांतता ऐकू यायला हवी."

मी बटण दाबलं. पट्टा मंद घुमायला लागला. तेवढ्यात वीज गेली, शेजारची गिरणी थांबली आणि घर एकदम निवांत झालं. अपू झोपली होती. मॅडमनी मायक्रोफोन नरसाळ्यापाशी धरला आणि आम्ही दोघी शांतता ऐकायला वाकलो.

"हळू बोल गो," शांतता म्हणाली.

आवाज बारीक होता, नाकात बोलल्यासारखा, पण शब्दन्‌ शब्द स्वच्छ. सासूबाईंचा. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम मीटरकडे.

"कोण ऐकतंय?" हा सकुबाईचा. "त्या दोघी आत हायत. आणि तुला तर एवढं हळू बोललेलं ऐकू नाय आलं पायजे! काल बांधाच्या पलीकडनं मी माझ्या सुनेला शिवी दिली, ती तुला कळली. जिवले, खरं सांग मला. तुला ऐकू येतं ना?"

शेंगा सोलल्याचा टक टक आवाज. मग सासूबाई म्हणाल्या, "येतं."

"किती?"

"कणगीत उंदीर हालला तरी येतं."

"अगो बया! मंग हे सोंग कशाला?"

"सोंग नाय गो. आधी खरंच होतं. सात वर्सं झाली, कान सुजलेला, आठ दिवस काय म्हणता काय नाय ऐकू आलं. त्या आठ दिवसांत घरात मला कुणी हाक नाय मारली. एकानं पण नाय. पाणी ज्याचं त्यानं घेतलं. ह्यांना स्वतःची टोपी स्वतः सापडली. मी इथं अशी बसलेले, सिद्धगडाकडं बघत. मला वाटलं, गडाला पयल्यांदाच बघत्ये. मंग कान बरा झाला. म्हटलं, सांगायची काय घाई हाय?"

सकुबाई इतकी हसली, की नरसाळं खरखरलं.

"हस तू. लग्न होऊन आले तेव्हा चौदाची होते. 'जिवले' म्हटलं की उठले, 'जिवले' म्हटलं की बसले. माझी तीन पोरं, नणंदेची दोन, सगळी ह्या हातांनी मोठी केली. आता ही स्नेहल म्हणते दोन दिवस. एकदा ऐकू येतं म्हटलं, की ते दोनाचे सात होतात. मला नाय का ठाऊक."

"नात लाडकी नाय काय?"

"लाडकी?" आवाज आणखी बारीक झाला. "ती नुसती हुं करते ना गो, तरी माझा हात थांबतो. उठून जावंसं वाटतं. आणि ह्या पोरीची तर मला लाज वाटते. रोज येते, आई ऐकू आलं? घामाघूम. मी नाय म्हटलं की जाते बिचारी, अजून चार नळकांडी जोडते. पाळण्यापासनं कणगीपर्यंत होतं, मंग पडवी, आता गोठा. अजून दोनदा नाय म्हटलं असतं तर म्हशापर्यंत गेली असती."

मॅडमचे खांदे हलत होते. माझे कान तापले होते, आणि हसू येतंय की रडू, ते मला ठरवता येत नव्हतं.

"आणि ही मॅडम?" सकुबाई विचारत होती. "तिला पोरं हायत?"

"दोन हायत म्हणे."

"मंग ती लहान असताना कोण बघत होतं?"

"तिची सासू असंल."

"नाय गो. सासू पण बहिरीच असंल बघ."

मॅडमचं हसू थांबलं. "गुडघे," त्या हळूच म्हणाल्या.

"काय?"

"माझ्या सासूबाईंचे गुडघे. मुलं लहान होती तेव्हा त्यांना चार पायऱ्या चढवत नसत. आता रोज सकाळी तीन किलोमीटर चालतात."

यावर मला मोठ्यानं हसू फुटलं. मी तोंडावर हात दाबला, पण मॅडम म्हणाल्या, "हस, हस. तिकडे काही जात नाहीये." खरंच जात नव्हतं. त्यांनी दुसऱ्या मायक्रोफोनचं चित्र, गोठ्यातलं बोलणं वजा करून, मोबाइलवर दाखवलं. तो त्यांनी येता येता गोठ्याच्या टोकाला चिकटवला होता. सरळ रेघ. आमच्याकडून तिकडे काहीच पोचत नव्हतं. त्यांचं सगळं आमच्याकडे, आमचं त्यांच्याकडे शून्य. याहून सुंदर निकाल मी आयुष्यात बघितला नव्हता, फक्त तो उलटा होता.

माझ्या हसण्यानं अपू चाळवली. तिनं डोळे न उघडता एकदा हुं केलं. रडणं नाही, नुसतं हुं. मोबाइलवरची रेघ हलली नाही. यंत्राच्या मते गोठ्यात त्या क्षणी काहीही पोचलं नाही.

"थांब," नरसाळ्यातून सासूबाई म्हणाल्या. "अपू उठली."

"मला नाय ऐकू आलं."

"उठली. सकू, तू जा गो आत. मी गेले तर कळंल त्यांना."

दोन भिंती, एक पडवी आणि आवाजाच्या विरुद्ध फिरणारी शंभरावर चाकं ओलांडून ते हुं तिथं कसं गेलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ते आपल्या विषयाच्या बाहेर आहे." आणि मग: "स्नेहल, तू सगळं मोजलंस. फक्त ज्या कानांसाठी हे बांधलंस, ते मोजले नाहीस."

सकुबाई पदर सावरत आत आली. "अपू उठली वाटतं, मला आपलं ऐकू आलं," असं म्हणाली आणि आमच्या तोंडांकडे बघून जरा चपापली. मी अपूला तिच्याकडे दिलं आणि पट्ट्यापाशी गेले. पंखे उजवीकडून फिरत होते. मी ते डावीकडून लावले होते. शंभर पंखे काही आपलं आपण मन बदलत नाहीत. बॅटरीपाशी लाल वायर काळ्याच्या जागी होती आणि काळी लालच्या, आणि वर काळी टेप इतकी नीट गुंडाळलेली, की ती फक्त धाऊबाबांनीच गुंडाळलेली असू शकते.

ते जेवायला शेतातून आले तेव्हा मी विचारलं. ते मॅडमसमोर छाती काढून म्हणाले, "सकाळी ही चालवून बघत होती, तेव्हाच बघितलं मी. पोरीच्या पाळण्याच्या डोक्याशी एवढी चाकं, आणि सगळी उलटी फिरतायत! उलट्या फेऱ्या कधी मारतात ठाऊक हाय ना? माझ्या बापाला नेला तेव्हा मडकं घेऊन मारल्या मी. झोपलेल्या लेकराभोवती चालतं काय ते? पंपाची मोटार उलटी फिरली की आमी काय करतो? दोन वायरी बदलतो. तेच केलं. आता देवाला फिरतात तशी फिरतायत. सांगितलं नाय, म्हटलं कशाला सुनेला पावण्यांसमोर कमीपणा. चूक होते माणसाची."

"बरोबर केलंत," मॅडम म्हणाल्या, आणि मला खरंच वाटतं की त्यांनी ते मनापासून म्हटलं. "उलटी दिशा आम्हाला मुद्दाम करून बघायचीच होती."

जेवणाला अजून अर्धा तास होता. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "माझ्याकडून जागा तुझी आहे. पण उद्या मला नाव कळवायचंय. मंगळवार आणि शुक्रवार. येऊ शकशील की नाही, ते मला निघायच्या आत सांग." आणि थांबून, "अहवालात 'कमी ऐकू येणाऱ्या आजी' असं जे वाक्य तू लिहिलंयस, ते मात्र काढ."

मी गोठ्यात गेले. सासूबाई एकट्याच होत्या, सुपात शेंगा. नरसाळं त्यांच्या कानाशी. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मीही शेंगा सोलायला घेतल्या. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं, पण तिथं बसल्यावर ते सगळं भांडणाचं वाटलं. मला त्यांच्याशी भांडायचं नव्हतं. या घरात त्यांना सात वर्षांपूर्वी जे पहिल्यांदा मिळालं, तेच तर मी अपूच्या झोपेत चोरत होते.

मी आवाज न चढवता, समोर बघत म्हटलं, "आई, मशीन उलटं फिरत होतं. तुमचं बोलणं आत येत होतं."

त्यांचा हात थांबला नाही. एक शेंग. दुसरी. तिसरी.

"किती?"

"सगळं."

"उंदराचं?"

"उंदराचं पण."

"त्या मॅडमनं पण ऐकलं?"

"हो."

"तिच्या सासूचं?"

"हो. तिच्या सासूबाईंचे गुडघे दुखायचे म्हणाल्या."

सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ओठांकडे नाही, डोळ्यांत. "आता मी तिला काय तोंडानं वाढू गो?"

"वाल वाढा. त्यांना आवडतात."

म्हशीनं मान हलवली, गळ्यातली घंटा वाजली. मग सासूबाई सुपातलं दाण्यांवरचं टरफल फुंकून म्हणाल्या, "कुठले दिवस?"

"मंगळवार, शुक्रवार."

"सकाळचे किती ते किती?"

"सहा ते सात. संध्याकाळचे."

"मंगळवारी आणि शुक्रवारी मला ऐकू येईल," त्या म्हणाल्या. रेशनच्या दुकानात पाटी लावावी तसं. "बाकीचे पाच दिवस नाय. तू विचारलंस तरी नाय, जीवननं विचारलं तरी नाय. ह्यांना तर बिलकूल कळता नये, नायतर परत टोपी हरवायला लागंल ह्यांची."

"नाही कळणार."

"शपथ?"

"अपूची."

"तिची नको. माझी घे."

मी घेतली. मग मी म्हटलं, "मग हे मशीन काढून टाकते. गोठ्यात नुसती अडचण."

"काढतेस कशाला?" त्या दचकून म्हणाल्या. "राहू दे. मंगळवारी ऐकू कसं येतं ते लोकांना काय सांगू? मशीनमधनं येतं म्हणून सांगायला बरं. आणि वायरी ह्यांनी केल्यात तशाच राहू दे. देवाला फिरतात तशा."

"पण आई, तशा ठेवल्या तर अपूचा आवाज तुमच्याकडे येणारच नाही."

"मला कुठं पायजे?" त्या म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या.

जेवताना त्यांनी मॅडमच्या पानात तीनदा वाल वाढले, तिन्ही वेळा न विचारता. मॅडमनी "पुरे" म्हटलेलं त्यांना ऐकू आलं नाही. निघताना मी गाडीच्या काचेशी वाकून सांगितलं, येते.

फेब्रुवारीतल्या पहिल्या मंगळवारी मी गेले. दिवसभर दुधानं छाती दाटून येत होती आणि दर तासाला मी सकुबाईच्या मोबाइलवर फोन करत होते. तिसऱ्यांदा सासूबाईंनी तो तिच्या हातातून घेतला. "पोर जेवली, झोपली, परत उठली, कोंबडीच्या मागं लागली. तू तिकडं काम करायला गेल्येस का फोन करायला?" इतकं भराभर, इतकं स्पष्ट, की मला माझ्याच घरात कुणी नवीन माणूस आल्यासारखं वाटलं. संध्याकाळी परत आले, तर अपू त्यांच्या मांडीवर बसून त्यांचा कान दोन्ही हातांनी ओढत होती. गावात बातमी पोचलेली: स्नेहलच्या मशीननं जिवलीला ऐकू यायला लागलं. दोघी बायका आपल्या सासवांसाठी विचारायला येऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं अंग ठणकत होतं. मॅडमनी मागितलेलं टिपण अर्धं राहिलं होतं, अपू खांद्यावर चिकटलेली, चुलीवर दूध. सासूबाई अंगणात, माझ्यापासून चार पावलांवर, कोंबड्यांना दाणे टाकत होत्या.

"आई, अपूला जरा घेता का?"

त्यांनी आणखी एक मूठ दाणे टाकले.

"आई, दूध उतू जातंय, अपूला घ्या ना!"

त्या सिद्धगडाकडे बघत होत्या. चेहरा इतका शांत, इतका प्रामाणिक, की क्षणभर मला पुन्हा त्यांची कीव आली. मग मला वार आठवला आणि मी अपूला कडेवर घेऊन दूध उतरवायला आत गेले.